दोन जांभळींच्या मधनं

— न्हाई, न्हाई, तो रेघा मारायच्या फक्कीचा डबा आधी खाली ठेवा, मंग बोलू. ठेवा की. डबा पळून जात न्हाई आन् मीबी जात न्हाई. असं सावलीत या, या दगडावर बसा — ऊन उतरलंय, पर टकुऱ्यावर टोपी न्हाई तुमच्या. नाव काय म्हणलात — ऋषिकेश? मंग सायेब कशाला म्हणायचं, माझा थोरला नातू तुमच्याएवढा हाय. पर बागेचा नकाशा तुमी काढलाय, तवा सायेबच म्हणते. मी गंगूबाई. काल पंचायतीत सरपंचबाईच्या शेजारी बसून चालायचा टरॅक पायजे, टरॅक पायजे म्हणून सगळ्यात मोठ्यांदा वरडत व्हती, ती मीच. वळखलं न्हवं? तर माझं इतकंच म्हणणं हाय, त्या रस्त्याकडल्या जांभळीवर जी चुन्याची पांढरी फुली मारलीया, ती काय बरी दिसत न्हाई.

ठावं हाय, ठावं हाय. मशीन सकाळी येणार, एक झाड काढणार, एक ठेवणार, टरॅक सरळ जाणार. काल सगळ्यांच्या म्होरं ठरलं. मी कुटं न्हाई म्हणतिया? ही बाग आमीच मागितली की. गायरानाची जागा पंचायतीची, पैसा हिंजवडीच्या कंपनीचा, पाणी या सोसायटीचं, आन् राखण आमच्या बचत गटाची — चार घरची चार माणसं एका चुलीवर भाकरी करायला बसली म्हणल्यावर एखादी करपायचीच. मी काय भांडायला आले न्हाई. पर फुली मारायच्या आधी इचार केला का, उन्हाळ्यात हितं सावली दुसरी कुटली हाय? ती तुमी लावलेली रोपं बघा, रोपापेक्षा काठीला बांधलेली दोरी जाड. तुमी म्हणाल ती वाढतील. वाढतील की — तवर आमी म्हाताऱ्यांनी काय लायटीच्या डीपीच्या सावलीत बसायचं? आन् जांभळं किती येत्यात ठावं हाय का? सोसायटीतली पोरं तोंडं निळी करून घरला जात्यात. ते निरंजन सायेब, सोसायटीचे, कुत्रं घेऊन फिरत्यात ते — ते म्हणत्यात जांभळं पडून टरॅक चिकट व्हईल, माणसं घसरतील, दोन्ही झाडं काढा. दोन्ही म्हणले! तवा सरपंच म्हणली, न्हाई, एक तर ठेवायलाच पायजे, ती गंगूआजीच्या मालकाची आठवण हाय. नम्रता लई गुणाची पोर, तिची आई आन् मी एका बांधावर खुरपायला जायचो.

आठवण म्हणजे — तुमाला काल कुणी सांगितलं न्हाई का? आमच्या हिकडं सावडून आणलेली राख नदीत सोडत न्हाईत आता. खड्ड्यात घालायची आन् वर झाड लावायचं. ते नवीन नवीन सुरू झालं व्हतं तवाच मालक गेले — नाव घेते, आता लाज कसली — भिकाजी. आन् त्यांच्या मागनं महिनाभरात धनगरवाड्यातला बाजी गेला, तुकाबाईचा नवरा. दोन राखा, दोन खड्डे, दोन जांभळी. शेजारी-शेजारी का खणले म्हणता? तुकाबाई म्हणली, हितं माती मऊ हाय. मऊबिऊ काय न्हाई, मुरूमच हाय सगळा. दोघीला पाणी घालायला एका टायमाला येता यावं, म्हणून. तर ओढ्याकडलं झाड आमचं. रस्त्याकडलं बाजीचं. काल नम्रतानं इचारलं, आजी, तुमचं कुटलं, तर माझा हात आपसूक ओढ्याकडं गेला, आन् तुमी नकाशावर लगीच टिकली मारली. माझं वाचलं. टाळ्या बी वाजवल्या लोकांनी.

मंग मी कशाला तरफडतिया — व्हय, बरोबर इचारलंत. माझं काय जातंय? बाजीचं झाड गेलं तर माझं काय जातंय. काय बी न्हाई. आन् बाजी म्हणजे काय सोन्याचा तुकडा न्हवता, ऐका. ती सोसायटीची बिल्डिंग दिसती का, तिच्या पोटाखाली आमचा बांध व्हता, ओढ्यावरनं वर यायला. एका माणसाची वाट. मालक खालनं सायकल ढकलत यायचे आन् बाजी वरनं मेंढरं घेऊन उतरायचा. एक दिवस आले समोरासमोर. मालक म्हणले, तू मागं सर. बाजी म्हणला, मेंढरू मागं सरत नसतंय. मालक म्हणले, मंग सायकल बी मागं सरत नसती. झालं — दोघं उभे. मेंढरांनी दोन्ही अंगाची मेथी खाऊन संपवली, रवंथ करीत खाली बसली, तरी ही दोन माणसं आपली उभीच. शेवटाला तुकाबाईनं तिच्या नवऱ्याचं घोंगडं मागनं ओढलं आन् मी सायकलीचं कॅरेज ओढलं, तवा वाट मोकळी झाली. त्या दिसापास्नं बोलणं बंद, ते मरस्तवर.

आन् तसंबी बाजी आमच्या दारात कधी थांबला न्हाई. आमच्या वस्तीवरनं जायचा, दारात रांजण, उन्हाचा घसा सुकलेला, पर मान वळवायचा न्हाई, म्होरं ओढ्यावर जाऊन पालथा पडून प्यायचा. का, ते तुमाला सांगायला नको, तुमी शिकलेले. तुकाबाई मातर प्यायची. परड्यातनं यायची, तांब्या तोंडाला लावून प्यायची — वरनं धार बी धरायची न्हाई — आन् पदरानं तोंड पुसून म्हणायची, गंगे, त्याला सांगू नगंस. मी कशाला सांगतिया. मला तर हसू यायचं. आन् रागबी यायचा, खोटं कशाला बोलू. मंग झाडं लावल्यावर मी काय करायची, दोन कळश्या घेऊन यायची — एक ह्याला, एक त्याला, कारण तुकाबाईचं गुडघं तवाच धरलं व्हतं. बाजीच्या बुडात पाणी वतताना म्हणायची, घे, पी आता. जितेपणी गंगीच्या हातचं चाललं न्हाई, आता कसं गटागटा पितोयास. लई बोलायची त्याला, मन भरस्तवर. आन् घरला जाताना वाटंतच जीव खाली-वर व्हायचा, की अगं बाई, हाच आपला असला तर —

काय?

असलाच तर, म्हणजे — काय न्हाई. बोलण्याच्या ओघात बोलले. ऊन लागलंय मला. ते बघा, ती शेळी आली पुन्हा, हाड, हाड — या शेळ्यांनीच सगळा घोळ केला. तुकाबाईचीच शेळी व्हती ती, काळी, एका शिंगाची. आमी रोपांपाशी काठ्या रवल्या व्हत्या, माझ्या काठीला निळं फडकं, तिच्या काठीला पिवळं. शेळीनं रोपं तर खाल्लीच, फडकी बी खाल्ली. मंग पावसाळ्यात खड्डे बुजले, सगळं रान एकसारखं झालं. दुसऱ्या वर्षी नवी रोपं घेऊन आमी दोघी हितं उभ्या — ती म्हणती हितं असंल, मी म्हणते तितं असंल. ती हसाया लागली. म्हणली, गंगे, दोघं तिकडं बी वाट अडवून उभं असतील, लाव कुटं बी. लावली. आन् तिनं माझ्याकडनं वचन घेतलं, की दोन्हीला सारखं पाणी घालायचं, कुणाचं कुटलं म्हणून इचारायचं न्हाई. गावानं इचारलं की मी बोट दाखवायची, कधी ह्याला, कधी त्याला. गावाला काय, गाव ध्यान देतंय का.

आता कळलं का? काल नम्रतानं इचारलं आन् मी ओढ्याकडं बोट केलं. तवा मला वाटलं, नेहमीचंच बोट. तुमी लगीच टिकली माराल हे काय ठावं. मारू दिली मी. आपलं वाचलं, आपलं वाचलं, एवढंच कानात. घरला गेले, च्या केला, गोड लागला बी. मंग रोजच्यागत सांजच्याला तुकाबाईकडं गेले. ती आता खाटंवरनं उठत न्हाई, कंबर गेलीया. रोज इचारती, आदी माझ्या मालकाचं, मंग तिच्या. गंगे, भिकाजीचं कसं हाय? म्हणलं, झ्याक. आन् बाजीचं? म्हणलं — म्हणलं, नवी पालवी फुटलीया. तांबूस. हिरवं लुगडं नेसलेल्या बाईगत डुलतंय. असं सांगितलं बघा मी, आन् तिकडं फुली वाळली बी न्हवती.

न्हाई, बसा तुमी. मी उभीच बरी.

सरपंचाला सांगू म्हणता? सांगते की. मंग नम्रता काय म्हणंल — आजी, मंग नक्की कुटलं तुमचं? आन् मी काय सांगू, मला ठावं न्हाई? म्हणजे निरंजन सायेब म्हणतील, ठावंच न्हाई तर दोन्ही काढा. तेच व्हईल. आन् पुन्हा टरॅक वाकडा करा म्हणलं तर कंपनीची माणसं म्हणतील, ही म्हातारी आधी टरॅक द्या म्हणून बसली, आता अडवून बसली. खरंच हाय ते. टरॅक मीच मागितला. रस्त्यावर डंपर अंगावर येत्यात, बायाबापड्यांनी चालायचं कुटं, असं सांगितलं सगळ्यांना. ते बी खरंच हाय. पर —

तुमी कुणाला सांगणार न्हाई न्हवं? तुमी चार दिस येणार आन् जाणार, म्हणून सांगते. तुकाबाईच्या लेकीनं कासार आंबोलीवरनं चाकाची खुर्ची आणून दिलीया, अंगणात पडून हाय. या मुरमातनं, खड्ड्यातनं ती खुर्ची ढकलणार कशी? मी ढकलून बघितली, धनगरवाड्याच्या वळणावरच आडवी झाली, तुकाबाई खाली, मी वर. दोघी उठंनात, हसून हसून आन् कंबर धरून. तिनं झाडं लावल्यापास्नं पुरती बघितली न्हाईत. माझ्याच तोंडानं बघती ती — म्हणून टरॅक. घोटीव, सपाट, थेट जांभळीपत्तुर. डंपरचं निमित्त. आता टरॅक व्हईल, खुर्ची येईल, मी तिला ढकलत आणीन, आन् हितं एकच झाड. मंग ती माझ्याकडं बघंल. इचारणार न्हाई, वचन हाय. नुसती बघंल.

रुंदीचं काय म्हणला मघाशी? चार माणसं शेजारी-शेजारी चालली पायजेत, चाकाच्या खुर्चीला जागा पायजे — नियम हाय? बरं. तुमचा टेप काढा. काढा की, लोंबतोय नुसता पट्ट्याला. धरा तिकडनं, ओढ्याकडल्या बुंध्याला. मी हिकडनं धरते. आता सांगा, मधनं खुर्ची जाती का न्हाई? चार माणसांचं न्हाई इचारलं मी, एक खुर्ची. जाती न्हवं? जाती. वर हाताला जागा उरती. तुमच्या तोंडानं म्हणालात. मंग टरॅक तिकडनं रुंद येऊ दे, म्होरं रुंद जाऊ दे, हितं झाडांपाशी तेवढा बारीक करा — साडीच्या निऱ्या चिमटीत धरतो तसा.

दोघं समोरासमोर आले तर? एकानं थांबायचं. थांबला तर काय अंगाला भोकं पडत न्हाईत. सावलीत तर थांबायचंय, दुसऱ्याला म्हणायचं, या, तुमी या आधी. हितंच शिकू द्या सगळ्यांना, ही जागा त्यालाच बरी हाय. सोसायटीवाल्यांनी बी आन् आमी बी. तिकडनं निरंजन सायेब त्यांचं कुत्रं घेऊन येऊ देत, आन् हिकडनं मी तुकाबाईची खुर्ची घेऊन येते — मंग बघू कोण मागं सरतंय.

नकाशा बदलत न्हाई म्हणता, वरनं इचारावं लागंल म्हणता. इचारा. फोन लावा, नम्रताला बी लावा, मी बोलते तिच्याशी, सगळं सांगते, ठावं न्हाई म्हणून बी सांगते. आन् न्हाईच जमलं तर असं करा — आता उठा, माझ्यासंगं धनगरवाड्यावर चला, खाटंपाशी बसा, आन् कुटलं झाड काढायचं ते तुकाबाईला तुमच्या तोंडानं सांगा. मी शेजारी उभी राहते. बोलणार न्हाई काय. चलता?

… टेप काय गुंडाळत बसलात बाळा.

बरं. मंग तो डबा द्या हिकडं. द्या, सांडत न्हाई, दिवाळीला अख्ख्या वस्तीच्या रांगोळ्या माझ्या हातच्या असत्यात. ही बघा, तिकडनं रेघ आली — आन् ही अशी आत वळली — दोन्हीच्या मधनं — आन् ही गेली म्होरं. दिसती का? सकाळी मशीनवाला येईल तवा तुमी आदी या, मी हितं असीनच, या दगडावर. नंतर भांडा माझ्याशी काय भांडायचं ते.

आता जा तू. पौडची यष्टी चुकली तर बसशील फाट्यावर मच्छरं मारत. डबा राहू दे हितं, आन् जाता जाता त्या शेळीला दगड मार एक. मला अजून ती फुली पुसायचीया, आन् अंधार पडायच्या आत तुकाबाईकडं जायचंय.