मुदतीआधीचे प्लग

चौक गावच्या सर्व्हिस सेंटरात संध्या आपल्या गाडीची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर व्हॅनवाला अब्बास आणि डोंगरावरच्या वाडीतला नवनाथ येऊन टेकले.

“ऐकलंस ना? व्हॅनच्या स्पार्क प्लगची मुदत बाकी हाय म्हणे. आधी बदलायचे तर कंपनीचे दहा दिवसांनी येतील.”

“आमच्या वाडीतल्या पदूच्या बायकोचे दिवस भरलेत, अब्बासभाई. लोधिवलीच्या गॅरेजात आजच बदला.”

“बाहेरचा हात लागला की वॉरंटी गेली. उद्या इंजिन बसलं तर मी काय खाऊ?”

“मागल्या येळी बी तुमी हेच बोललात.”

“तेव्हा बी गाडी आतासारखी नुसती धक्के मारत होती रं. बंद पडंल असं वाटलं नाय.”

“आमी सहा जनांनी अडलेल्या सोमीला झोळीतनं डोंगर उतरवली. खाली येतो तर तुमी बॉनेट उघडून उभे.”

“रोज दिसतं मला ते.”

“पदू म्हनतो, झोळी गाडीपाशी थांबवनारच नाय. सरळ कर्जतच्या दवाखान्यापातुर चालत नेनार.”

“येडा हाय का? चार तास लागतील!”

“सोमीला तशी नेली असती तर वाचली असती, वाडीत समदे हेच बोलतात.”

“आणि तू?”

“मी तुमच्यासंगं आलोय ना.”

अब्बास उठला. मग त्यानं काउंटरवरच्या मुलीकडून चावी परत मागून घेतली.

“चल लोधिवलीला.”

“मंग पदूला काय सांगू? गाडीत बसव म्हनून?”

“नको. झोळी थांबवू नको म्हणावं. मी गाडी मागनं हळूहळू आणतो, वाटंत भरवसा वाटला तर चढवा.”