तारवातला जिराफ

काकू : पण ह्यात जिराफ कुठंय?

विक्रेती : जिराफ?

काकू : जलप्रलयाच्या भागात गं. तारवात, त्या मोठ्या जहाजात चढताना त्याची मान अडकते, मग छपराला भोक पाडतात. आमच्या जुन्या बायबलमध्ये आहे की. मला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून रोज संध्याकाळी आमचे हे वाचून दाखवतात. अहो, सांगा ना हिला.

काका : अगं, प्रत्येक आवृत्ती वेगळी असते. चल, उशीर होतोय.

विक्रेती : थांबा काकू, हे दुसरं भाषांतर बघते. अगदी सोपं आहे, आपण बोलतो तसं. हं... प्राणी जोडीजोडीनं आत गेले, दार लागलं. जिराफाचं नावसुद्धा नाही.

काकू : कसली कंजूष माणसं बसवली आहेत भाषांतराला! आणि गारठ्यानं त्याचा घसा बसतो, मग हत्तीण मफलर विणायला घेते, ते?

विक्रेती : हत्तीण... विणते?

काकू : मंगळवारी अर्धा झाला होता. तेवढ्यात लोकर संपली आणि ह्यांना जांभया सुरू झाल्या. परवा जुन्या पुस्तकाची शिवण उसवली. लग्नाला चाळीस वर्षं होतायत, म्हटलं, आता चांगल्यातलंच घेऊ.

विक्रेती : मग हे बघा, आमच्याकडचं सगळ्यात उंची. अस्सल चामड्याची बांधणी, सोनेरी कडा, खुणेला तीन रेशमी फिती. कागद पातळ आहे, तरी मागची छपाई दिसत नाही. आणि अक्षर केवढं मोठं, बघा ना काका!

काका : फारच मोठं आहे. पानं उलटून उलटून हात दुखायचा माझा.

काकू : पण हाताला कसं मऊ लागतंय हो.

काका : मऊ म्हणजे निसटणार. आणि तीन फिती कशाला? आपण एका वेळी एकाच ठिकाणी वाचतो ना?

काकू : बरं बाई, नको. पोरी, ह्यांना आपलं बारीक अक्षराचं दे. दोन ओळी वाचून दाखवू देत.

विक्रेती : हे घ्या, खिशात मावणारं.

काका : (पुस्तक हातभर लांब धरून) आणि मग अशी घोषणा झाली की, तारू क्रमांक एक थोड्याच वेळात सुटत आहे. प्राण्यांनी कृपया आपापल्या जोडीदाराला सोबत ठेवावे. कासवांच्या सोयीसाठी तारू पंधरा मिनिटे जादा थांबेल.

काकू : आवाज ऐकलास? तीस वर्षं स्टेशनवर घोषणा करायचे. त्या आवाजापायी मी एका दिवसात तीन गाड्या सोडल्या होत्या.

विक्रेती : काका... हे पान वजनमापांच्या तक्त्याचं आहे.

काका : असेल. छापखान्यात कधीकधी पानं मागेपुढे लागतात.

काकू : अहो.

काका : आणि उजेड कमी आहे इथं.

विक्रेती : डोक्यावर सहा दिवे आहेत, काका.

काकू : अहो, माझे वडील चर्चमध्ये बायबल वाचून दाखवायचे. उत्पत्तीचं अख्खं पुस्तक पाठ आहे मला. त्यात हत्तीण विणकाम करत नाही, एवढं मला कळत नसेल होय?

काका : मग इतके दिवस बोलली का नाहीस?

काकू : इतकं रंगात आलेलं असताना मध्येच कोण तोंड उघडेल?

काका : अक्षरं जागेवर राहतच नाहीत गं. वर्ष होत आलं.

काकू : परवा चहा कपात ओतायचा सोडून माझ्या मांडीवर ओतलात, तेव्हाच समजले. गार झाला होता म्हणून वाचले. डॉक्टरकडे का नाही गेलात?

काका : तुझंही असंच सुरू झालं होतं. त्यांनी तपासून मलाही तेच सांगितलं तर? मग तुझा हात धरून रस्ता कोण ओलांडणार? भीती वाटते मला.

काकू : मलाही वाटते. म्हणून तर लेकीला सांगून उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय. तुम्ही एकटे जायचं नाही, मी येणार बरोबर. पोरी, ते मोठ्या अक्षराचं उघड. हं, वाचा आता. खरंखुरं.

काका : थांब जरा... दिसतंय. अगं, दिसतंय की! स्वल्पविरामसुद्धा दिसतोय!

विक्रेती : बरोबर वाचतायत हो, काकू! भाषांतर मात्र जुनं देऊ की सोपं?

काकू : जुनंच दे. ते मला पाठ आहे, हे कुठं घसरले की लगेच पकडीन.

काका : आता कशाला घसरतोय? रोज एक अध्याय, शब्दन् शब्द. मग पुस्तक मिटायचं आणि झोपायचं.

काकू : झोपताय कसले? तो बिचारा अजून उघड्या मानेनं उभा आहे तिकडं.