एक मुरोई

क्योटोतल्या गुडघ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर एक आजोबा शेजारच्या आजींना म्हणाले,

"मुरोईबाई ना? आमच्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत चहा करायचात. मी नुकाता."

"अगबाई, नुकातासाहेब. मला वाटलं, ओळख दाखवणार नाही तुम्ही."

"का हो?"

"तुमचा पहिला गेम माझ्या हातात दिलात आणि मी पहिल्याच खड्ड्यात अकरा वेळा पडले. तुम्ही सगळे गप्प बसून वहीत लिहीत होतात. त्यानंतर मी दाराशी चहा ठेवून पळायचे."

"म्हणून पळायचात होय? अहो, चूक खड्ड्याची होती. काही न सांगता, कुणालाही पहिली उडी जमलीच पाहिजे, हा आमचा नियम. दुसऱ्याच दिवशी खड्डा निम्मा केला."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यामुळे. पुढे त्या मापाला नावच पडलं. कंपनीतली नवी पोरं अजून म्हणतात, सुरुवातीला एक मुरोई ठेवा."

"काहीतरीच. म्हणजे चाळीस वर्षं लोक माझ्यात पडतायत?"

"छे. तुमच्यात कुणीच पडत नाही."

तेवढ्यात आजींचा नंबर पुकारला गेला.

"सावकाश जा, मुरोईबाई. दारात पायरी आहे."

"केवढी?"

"एक मुरोई."