समाजाच्या गच्चीवर सोलर

...आणि म्हणे ऊन फुकट असतं! असतं हो, कोण नाही म्हणतं? पण तुम्हाला सांगतो, त्या उन्हापर्यंत पोचायला आमच्या समाजाच्या कमिटीतून जावं लागतं, आणि तिथे गर्द सावली आहे.

आमचा समाज म्हणजे म्हैसुरातले मराठी रंगारी. पणजोबा कापड रंगवायचे, उन्हात वाळवायचे. आता कुणी बँकेत, कुणी माझ्यासारखा इंजिनिअर. देवराज मोहल्ल्यात आमचं लग्नाचं कार्यालय आहे. त्याच्या गच्चीवर सोलर बसवा, हे मी कॉलेजात असल्यापासून सांगतोय. कोळसा जाळायला नको, धूर नाही, संपायची भीती नाही, बिल खाली येईल... आणि अध्यक्ष अप्पाराव मामा ऐकतात कसे? डोळे मिटून! मला वाटायचं, चिंतन चाललंय.

मग विचारतात, "सोलरच का? बेरे काही, दुसरं काही नाही?" म्हटलं, आहे ना, वारा आहे, पवनचक्की. "पंखा आत लावतात रे. गच्चीवर कुणाला वारा घालणार?" बरं, पाणी? शिवनसमुद्राच्या धबधब्यावर आपल्या आजोबांच्या आधीपासून वीज होतेय. "ते लांब पडतं." बरं बाबा, बायोगॅस! लग्नात एवढं उष्टं टाकतो, त्याचाच गॅस करू, त्याच्यावरच स्वयंपाक... मामांनी डोळे उघडले. पहिल्यांदाच. "उष्ट्याच्या गॅसवर देवाचा नैवेद्य?"

संपला बायोगॅस. ऊन फुकट असतं म्हणे!

शेवटी ठरलं, विजयनगर भागात आमच्या घरावर मी जे बसवलंय ते कमिटी येऊन बघणार. पटलं तर मंजूर, नाही तर हा विषय पुन्हा बैठकीत काढायचा नाही. कधीच नाही! रविवारची दुपार, मे महिन्याचं रणरणतं ऊन, मी सगळ्यांना इन्व्हर्टरसमोर उभं केलं, म्हटलं हा आकडा बघा, एवढी वीज या क्षणी सूर्य आपल्याला... आणि आकडा बघतो तर एक बल्ब आणि अर्धा पंखा चालेल एवढाच! बाहेर आकाश निरभ्र, ढग फक्त माझ्या तोंडावर.

धावत गच्चीवर गेलो. मागून कमिटी, धापा टाकत. आणि बघतो काय... पॅनेलांवर जुनी पांढरी धोतरं अंथरलेली, त्यावर ओळीने संडिगे! तांदळाच्या पिठाचे, जिरं घातलेले, तळणीसाठी वाळत टाकलेले. शेजारी आमची कमलाक्षी आत्या काठी घेऊन कावळे हाकतेय.

म्हटलं, आत्या, हे काय? शांतपणे म्हणते, "खाली मुंग्या येतात. इथे वरून ऊन, खालून काच तापते. संध्याकाळच्या आत खणखणीत." म्हटलं, अगं, एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळ्या रांगेची वीज घटते! त्यावर तिने काय म्हणावं? "रंगाऱ्याच्या घरात जन्मून तू मला ऊन शिकवतोस?"

झालं. आणि कमिटी? कमिटी संडिगे दाबून बघतेय! मामांबरोबर आलेल्या त्यांच्या बायकोने, लक्ष्मीदेवी मामींनी, एक उचलला, कानाशी नेला, मोडला. कट्ट! मामी मामांकडे बघतात, मामा माझ्याकडे. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मंजूर."

तुम्हाला खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, उशिरा का होईना, पटलं लोकांना! घसा खाकरून आभार मानायला सुरुवात करतोय, तेवढ्यात मामी म्हणाल्या, "बसव रे बाळा. पण हे असं तिरपं नको. सपाट बसव. संडिगे घसरतात."

तर आता आहे हो समाजाच्या गच्चीवर सोलर. सपाट. घराघरातल्या बायकांचे नंबर लागलेले असतात. ऊन फुकटच आहे, पण उन्हाळाभर ते आधीच बुक असतं. वीज होते ना आमची, चांगली होते...

पावसाळ्यात.