गोष्टीतली म्हैस

हसू नका रं, पण मला पगार मिळतो तो कॉम्प्युटरनं लिहिलेली मराठी गोष्ट नीट जुळते का, ते बघायला. परवा अशीच एक गोष्ट आईला वाचून दाखवली. ती नुकतीच कोगनोळीहून बेळगावला माझ्याकडं राहायला आली होती. गोष्टीत एक म्हातारी दारात म्हैस बांधते, मग शहरात लेकाकडं येते आणि सुखानं राहते.

‘आणि म्हशीचं काय झालं रं?’ आईनं विचारलं.

खरंच की! ते कॉम्प्युटरचं गाढव म्हैसच विसरलं होतं. मी चूक दाखवली, तर त्यानं लगेच लिहिलं, ‘शेजारीण म्हशीची धार काढते.’

‘न्हाय जुळत,’ आई म्हणाली. ‘दुसऱ्याच्या हाताला ती पान्हा सोडत न्हाय. लाथा झाडती.’

‘अगं, गोष्टीतली म्हैस ती! तुला काय ठाऊक?’

बोलून गेलो खरा. तेव्हा कुठं मला आठवलं, आमचीही म्हैस गावाकडं शेजारच्या आक्काच्या दारात बांधून आलतो.

मी लॅपटॉप मिटला. ‘सकाळी तुला कोगनोळीला सोडू?’

‘सोड की,’ आई म्हणाली. ‘आता गोष्ट जुळली बघ.’