टोमॅटोंवरची सावली

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या एका लहानशा गावात भाड्याच्या घरांच्या नव्या इमारतीबद्दल जाहीर सुनावणी होती. विरोध नोंदवायला ग्रेटा रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोन म्हातारे बोलत होते.

"काय वेंडेल, पुन्हा विरोधाला आलास वाटतं?"

"नाही रे ऑर्विल. या खेपेला बाजूने बोलणार आहे."

"तू? बारा वर्षांपूर्वी इमारतीचा बेत तूच हाणून पाडलास ना? परसातल्या टोमॅटोंवर सावली पडेल म्हणून केवढा तावातावाने बोलला होतास!"

"लोकांनी टाळ्याही वाजवल्या."

"मग आता काय झालं?"

"आमची जोआन इथल्या दवाखान्यात नर्स होती. भाडं परवडेना, म्हणून चार तासांवर राहायला गेली."

"मग बांधू दे की इमारत. येईल परत."

"मीही फोनवर तेच म्हणालो. ती म्हणाली, बाबा, मुलांची शाळा, मित्र, सगळं आता इकडेच आहे."

"मग आता बोलून तुला काय मिळणार?"

"मला काही नाही. दुसऱ्या कुणाची तरी लेक राहील इथे."

दोघे नावं लिहून आत गेले. नावनोंदणीच्या खिडकीतल्या बाईने ग्रेटाला विचारलं, "बाजूने की विरोधात?"

ग्रेटाने मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं.