होर्डिंगवरची दाढी

ट्रिमर कोनता घेऊ, हे मला इचारू नको गड्या. माझ्या ट्रिमरची गोष्ट ऐक आधी.

लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो तेव्हा संचालकांनी होर्डिंगवरच्या फोटोसाठी मला हलकी दाढी ठेवायला लावली. ट्रिमर घ्यायला स्वतः सोबत आले. दुकानदार सलीमभाई म्हणाले, "सर, ह्यो घ्या. चाक तीनवर ठेवलं की रोज तेवढीच दाढी ऱ्हाती." संचालक लई खूश. म्हणाले, "बस्, फोटोत हाच चेहरा अन् वर्गात बी हाच."

ती दाढी घेऊन अहमदपूरला घरी गेलो, तर बाबांनी दारातच इचारलं, "आरं, कोन गेलं?" आमच्याकडं माणूस सुतकातच दाढी वाढवतो ना.

त्याच उन्हाळ्यात बाबा गेले. संचालकांना फोन करून तेराव्यापर्यंत रजा मागितली.

"परीक्षा तोंडावर आलीय, सर. रजा न्हाई जमायची. दाढी तर तुमची असतीच, सुतक कुनाला कळतंय? या तुम्ही."

मी फोन ठेवला. गेलो न्हाई. दहाव्याला न्हाव्यानं डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवलं.

तेरावा उरकून क्लासच्या गेटवर उभा राहिलो. संचालकांनी मला पाहिलं, मग वर होर्डिंगकडं पाहिलं.

"अहो, हे काय करून बसलात? पोरं ओळखनार न्हाईत. दाढी येईपर्यंत पंधरा दिवस घरीच ऱ्हा, रजा देतो."

बापासाठी ज्याच्यापाशी एक दिवस न्हवता, त्यानं दाढीसाठी पंधरा दिवस दिले.